एकाच्या माघारी दोघांची फर्म

गेल्या दीड-दोन महिन्यांत आलेली पत्रं समोर आहेत. लातूरचा फोटो स्टुडिओ, संभाजीनगरची जाहिरात संस्था, परभणीचे नेपथ्यवाले, पैठणचा पैठणी विणणारा कारखाना. धंदे वेगळे, पण गोंधळ तोच तो. काम दोघा-तिघांच्या हातांनी उभं राहिलं, शेवटचा शब्द कुणाचा हे कधी ठरलं नाही, आणि एक जण थकला, निघून गेला किंवा वारला तर पुढं काय, हे कुणी लिहून ठेवलं नाही. मी वकील आहे. फर्मचे कागद करून देणं आणि न केलेल्या कागदांपायी उभे राहिलेले दावे चालवणं, अशी दोन्ही कामं माझ्याकडे येतात. दुसऱ्या कामात माणसांची वर्षं जातात, म्हणून पहिल्याबद्दल लिहिते आहे. पत्र लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न (लातूर): आम्ही दोघं मित्र नऊ वर्षांपासून फोटो स्टुडिओ चालवतो. बाँडवर भागीदारीपत्र करून नोटरी केलेलं आहे. म्हणजे फर्म रजिस्टर झाली असंच समजायचं ना?

उत्तर: नाही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी भागीदारी संस्था निबंधकाकडे होते आणि तिचा वेगळा दाखला मिळतो. तो नसेल तर अर्ज करा.

प्रश्न (जालना): आमची फर्म रजिस्टर नाही. एका गिऱ्हाइकानं जाहिरातपटाचे चार लाख थकवलेत. आधी दावा लावून टाका, रजिस्ट्रेशन मागून करता येतं, असं एकानं सांगितलं. खरं का?

उत्तर: हा सल्ला देणाऱ्याचं पुन्हा काही ऐकू नका. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्याच्या कलम ६९ प्रमाणे, करारातून आलेल्या हक्कासाठी फर्मला बाहेरच्या माणसावर दावा करायचा असेल तर दावा दाखल होतो त्या दिवशी फर्म नोंदलेली हवी, आणि भागीदारांची नावं निबंधकाच्या नोंदवहीत हवीत. मागून नोंदणी केली म्हणून आधी लावलेला दावा सुधारत नाही. आधी नोंदणी, मग दावा, आणि दोन्ही मुदतीच्या आत. अशा येण्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, म्हणून बिलाची तारीख आजच बघा. उलट गिऱ्हाइकाला तुमच्यावर दावा लावायचा असेल तर तुमची नोंदणी नसणं त्याच्या आड येत नाही.

याच पत्रात आणखी एक ऐकीव गोष्ट आहे: फर्म नोंदलेली नसेल तर भागीदाराकडे हिशेबसुद्धा मागता येत नाही. महाराष्ट्रानं १९८४ च्या दुरुस्तीनं तसं केलं होतं खरं. पण सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. फर्म मोडण्यासाठी आणि मोडलेल्या फर्मच्या हिशेबासाठी दावा करता येतो. तुमच्या प्रकरणात कुठला मार्ग धरायचा, ते कागद पाहून वकील सांगेल.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): आमची तिघांची जाहिरात संस्था आहे. डिझाइन आणि मजकूर मी बघतो. बाकी दोघं गिऱ्हाईक आणि हिशेब बघतात. त्यांनी आता इव्हेंटच्या धंद्यात उतरायचं ठरवलंय. माझा विरोध आहे. ते म्हणतात, दोन विरुद्ध एक, विषय संपला, आणि पटत नसेल तर तुलाच काढतो. त्यांना असं करता येतं का?

उत्तर: रोजच्या कामातले मतभेद बहुमतानं सुटतात. त्यातही प्रत्येकाला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. धंद्याचं स्वरूपच बदलायचं असेल तर मात्र सगळ्या भागीदारांची संमती लागते, तिथं दोन विरुद्ध एक चालत नाही. जाहिरातीतून इव्हेंटमध्ये जाणं हा स्वरूपातला बदल की त्याच धंद्याचा विस्तार, हे तुमच्या डीडमधल्या, म्हणजे भागीदारीपत्रातल्या, धंद्याच्या कलमावर ठरेल. तयार नमुन्यांत तिथं 'व इतर कोणताही धंदा' असे शब्द घुसडलेले असतात आणि सही करताना ते कुणी वाचत नाही. आज काढून वाचा.

काढून टाकण्याचं म्हणाल, तर डीडमध्ये तसा अधिकार दिलेला नसेल तर बहुमताच्या जोरावर भागीदाराला काढता येत नाही. अधिकार असला तरी तो प्रामाणिक हेतूनंच वापरावा लागतो. पण दुसरी बाजूही ऐका. तुमच्या डीडमध्ये फर्मची मुदत किंवा ती संपवण्याची रीत लिहिलेली नसेल, तर ती मर्जीची भागीदारी होते, आणि कुणीही एक भागीदार बाकीच्यांना लेखी नोटीस देऊन ती मोडू शकतो. म्हणून रागाच्या भरात ग्रुपवर 'मग फर्मच बंद करा' असं काही लिहू नका. तेच वाक्य पुढं कोर्टात नोटीस म्हणून दाखवलेलं मी पाहिलं आहे.

तिघांनी मिळून चालवायचं असेल, तर कुठल्या गोष्टीत शेवटचा शब्द कुणाचा हे लिहा. डिझाइन गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी मंजूर कोण करणार, दर आणि उधारी कोण ठरवणार, कर्ज, नवीन भागीदार, नवा धंदा आणि नोकरभरती यांना तिघांच्या सह्या लागणार की दोघांच्या, आणि अडून बसलं तर लवाद कोण. 'सगळे निर्णय एकमेकांच्या विचारानं' हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण विचार जुळेनासा झाला की त्याचा काही उपयोग राहत नाही. आणखी एक लक्षात ठेवा. नेहमीच्या धंद्यात कुठल्याही भागीदारानं केलेला व्यवहार फर्मला बांधतो, आणि फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार असतो. तुमची आपसातली वाटणी ज्याला माहीत नाही अशा छापखान्याला किंवा होर्डिंगवाल्याला ती लागू होत नाही. म्हणून बँकेला आणि ज्यांचं मोठं देणं असतं त्यांना ती लेखी कळवा. डीड घेऊन वकिलाला भेटा, पण शक्यतो तिघं मिळून भेटा.

प्रश्न (जालना): मी ज्येष्ठ भागीदार आहे. पगार घेऊ शकतो का?

उत्तर: डीडमध्ये लिहिलं असेल तरच. लिहिलं नसेल तर कायद्यानं पगार नाही आणि नफा सगळ्यांना सारखा. रक्कम किंवा ती काढण्याची रीत डीडमध्ये हवी. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेला पगार, व्याज, कमिशन मिळून वर्षाला २०,००० रुपयांवर गेलं तर फर्मला १० टक्के टीडीएस कापावा लागतो. बाकीचं सीएला विचारा.

प्रश्न (हिंगोली): फर्मच्या बँक खात्याला मुलाचं नाव नॉमिनी लावायचंय. मग आमच्या माघारी त्याला अडचण येणार नाही ना?

उत्तर: फर्मच्या खात्याला नॉमिनी लावता येत नाही. ती सोय व्यक्तीच्या नावावरच्या आणि एकट्या मालकाच्या खात्याला आहे. आणि नॉमिनी म्हणजे मालक, हा समज सोडून द्या. तो पैसे हातात घेतो, वारसांचा हक्क तसाच राहतो.

प्रश्न (परभणी): वकीलताई, मी आणि माझा भागीदार एकतीस वर्षांपासून नाटकांचं नेपथ्य, देखावे आणि गणपतीची आरास करतो. तो रेखाटतो, साचे करतो, मूर्ती घडवतो. मी माणसं, माल आणि पैसा बघतो. मागच्या श्रावणात त्याला हार्ट अटॅक येऊन गेला. आमच्या डीडमध्ये स्पष्ट लिहिलंय की एक भागीदार वारला तर फर्म बंद होणार नाही, त्याच्या जागी त्याचा मुलगा येईल. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. एवढं लिहिलेलं असल्यावर काळजी कामून करायची?

उत्तर: दादा, काळजी करायचीच. तुमच्या या एका वाक्यासाठी मी हे सगळं सदर लिहायला तयार आहे.

कायदा असा आहे. भागीदार वारला की फर्म मोडते, पण भागीदारांनी तसं होऊ नये असं ठरवलं असेल तर मोडत नाही. तीन किंवा जास्त भागीदार असतील तर तुमच्यासारखं कलम उपयोगी पडतं, कारण एक गेला तरी दोघं उरतात आणि फर्म चालू राहते. तुम्ही दोघंच आहात. एक गेला की उरतो एकटा, आणि एकट्या माणसाची भागीदारी होत नाही. डीडमध्ये काहीही लिहिलेलं असलं तरी दोघांची फर्म एकाच्या मरणानं संपते. सर्वोच्च न्यायालयानं १९६५ मध्ये एका आयकर प्रकरणात हे सांगितलं आणि २०१० मध्ये पुन्हा सांगितलं. तरी हे कलम डीडमागून डीडमध्ये उतरवलं जातं, कारण टंकलेखकाकडचा नमुना तोच आहे. आणि ज्याच्या नावावर तुम्ही निश्चिंत आहात त्या मुलानं त्या कागदावर सही केलेली नाही. दोघांच्या करारानं तिसऱ्याला भागीदार होण्याची सक्ती करता येत नाही. तो नाही म्हणू शकतो. हो म्हणाला तरी ती नव्यानं केलेली नवी भागीदारी असेल.

यातून काय होतं ते नीट बघा. समजा हे गणपतीच्या महिनाभर आधी घडलं. मंडळांचे ॲडव्हान्स घेतलेले, कापड आणि बाकीचा माल उधारीवर आलेला, कारागिरांना उचल दिलेली. बँकेला कळलं की फर्मच्या खात्यावरचे व्यवहार अडतात. तुम्ही एकट्यानं धंदा पुढं चालवायचा म्हटलं तर तो तुमच्या पॅनवर येतो, म्हणजे जीएसटीची नोंदणी नवी. जुन्या फर्मचा हिशेब मृत्यूच्या तारखेपर्यंत मिटवायचा, आणि महाराष्ट्रात मृत भागीदाराच्या वारसांना फर्मच्या वह्या बघण्याचा, उतरवून घेण्याचा हक्क आहे. हिशेब न मिटवता त्यांच्या वाट्याच्या भांडवलावर तुम्ही धंदा चालूच ठेवलात, तर त्या वाट्यामुळे झालेला नफा किंवा वर्षाला ६ टक्के व्याज यातलं एक ते निवडून मागू शकतात.

एका प्रकरणात मी कलावंताच्या पत्नीच्या बाजूनं उभी होते. दोघांचीच फर्म, नवरा चित्र काढणारा, दुसरा बाजार सांभाळणारा. ऐन लग्नसराईत नवरा गेला. उरलेल्या भागीदारानं वह्या पुढं ठेवल्या आणि सांगितलं, वहिनी, त्याच्या खात्यावर उचलच जास्त निघते, देणं काही नाही. वह्या खोट्या नव्हत्या. तो माणूसही लबाड नव्हता. पण ज्या हाताच्या नावावर गावोगावची गिऱ्हाइकं येत होती, तो हात ताळेबंदात कुठंच नव्हता. नावलौकिकाची किंमत कशी धरायची हे दोघांनी कधी बोललंच नव्हतं. का, तर अभद्र बोलू नये. दोन घरांचं येणं-जाणं तुटलं आणि मुलांची शिक्षणं कोर्टाच्या तारखांमध्ये सरली. अभद्र बोलू नये म्हणून न बोलल्याचं हे फळ मी एकदा नाही, पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तुमचा भागीदार आज सही करू शकतो. म्हणून आजच सुरू करा.

तिसरा भागीदार घ्या. हिस्सा थोडा ठेवला तरी चालतो. मुलगा तयार असेल तर मुलगा, नसेल तर तुमच्यापैकी कुणाच्या घरातलं माणूस, किंवा वीस वर्षं साचे करणारा तुमचा मुख्य कारागीर. पण त्याला नीट समजावून सांगा की भागीदार झाल्यावर फर्मच्या कर्जाला त्याचं घरही जबाबदार राहतं. त्यानं स्वतःच्या वकिलाला विचारूनच सही करावी. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, हा दुसरा मार्ग आहे. भागीदार गेला तरी ती मोडत नाही, कारण कायद्यानं तिचं अस्तित्व भागीदारांपासून वेगळं आहे. पण तिलाही किमान दोन भागीदार लागतात. एकटा उरलेला सहा महिन्यांपलीकडे तशीच चालवत राहिला तर त्यापुढच्या देण्याला तो स्वतः जबाबदार होतो. शिवाय दरवर्षी विवरणपत्रं भरावी लागतात. तुमच्या उलाढालीला ती झेपेल का, हे सीएसोबत बसून ठरवा.

मग किंमत. गेल्या काही वर्षांच्या सरासरी नफ्याची किती पट धरायची, साच्यांची आणि सामानाची किंमत कशी लावायची, पैसे किती हप्त्यांत द्यायचे, हे डीडमध्ये लिहा. दरवर्षी ३१ मार्चचा हिशेब झाला की एका कागदावर त्या वर्षीचा आकडा मांडून दोघांनी सही करा. तुमच्यासारख्या धंद्यात इथं प्रामाणिकपणा लागतो. त्याचा हात गेल्यावर फर्मच्या नावावर किती काम येईल आणि किती येणार नाही, हे तुम्हा दोघांनाच ठाऊक आहे. त्याच्या समोर बसून ठरवा, त्याच्या बायकोसमोर दहाव्याला नको.

पैसे आणायचे कुठून? भागीदारांच्या आयुष्यावर विमा काढून त्यातून वारसांचा वाटा द्यायची सोय करता येते. मात्र विमा विकणारा बहुधा बचतीची महागडी पॉलिसी पुढं करतो, कारण त्याचं कमिशन त्यात असतं. तुम्हाला निव्वळ जोखमीचा विमा हवा आहे. तुमच्या भागीदाराला आता झटका येऊन गेलाय, त्यामुळे विमा मिळेलच असं नाही. मिळाला तर हप्ता मोठा असेल, आणि अर्जात आजार लपवला तर दावा नाकारला जाऊ शकतो. हप्ता फर्मनं भरायचा की भागीदारांनी, त्यावर कर कसा लागेल, हे सीएला विचारल्याशिवाय काही करू नका.

मरणापेक्षा आजारपण आधी येतं, हेही विसरू नका. बँकेत दोघांच्या सह्या सक्तीच्या असतील तर दवाखान्यातल्या दिवसांत पगार थांबतील. ठरावीक रकमेपर्यंत कुणाही एकाची सही चालेल असं बँकेला लिहून द्या. मुखत्यारपत्रावर विसंबून राहू नका. देणारा वारला किंवा त्याची शुद्ध कायमची गेली की ते संपतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हा उपयोगी पडत नाही.

आता तुमच्या पत्रात नसलेला प्रश्न. त्याच्यानंतर रेखाटणार कोण? मुलगा पैशाचा वारस आहे. कामाचा वारस तोच असेल असं नाही, आणि या दोन गोष्टी आपल्याकडे सारख्या एकत्र केल्या जातात. त्याला दिवाळीला घरी आल्यावर सरळ विचारा, येणार आहेस का. नसेल तर त्याला वाटा मिळेल, फर्म दुसरा चालवेल, यात कुणाचा अपमान नाही. काम ज्याच्याकडे जाणार आहे त्याचं नाव आत्तापासून मंडळांपुढं घ्या. या वर्षी एक आरास पूर्ण त्याला करू द्या आणि तुमच्या भागीदारानं नुसतं बघावं. साचे कुठं ठेवलेत, कुठला रंग कुणाकडून येतो, कुठलं मंडळ बाकी ठेवतं, हे वहीत उतरवा. गिऱ्हाइकाला नवा हात ओळखीचा व्हायला दोन-तीन हंगाम लागतात, आणि ते हंगाम जुना माणूस शेजारी उभा असतानाच जायला हवेत.

या आठवड्यात दोघं मिळून वकिलाकडे जा. सोबत डीड, तीन वर्षांचे ताळेबंद आणि कर्जाचे कागद न्या.

प्रश्न (धाराशिव): इंटरनेटवर दीड हजारात पार्टनरशिप डीड तयार करून मिळतं. वकिलाची फी वाचवायला ते घेतलं तर?

उत्तर: परभणीचं उत्तर वाचलंत ना? ते कलम अशाच तयार नमुन्यातून येतं. कागद स्वस्तात मिळतो, पण तुमच्यापैकी कोण काय करतं हे त्या नमुन्याला माहीत नसतं. घ्यायचंच असेल तर घ्या, पण सही करण्याआधी एका वकिलाकडून वाचून घ्या.

प्रश्न (नांदेड): लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ शूट करणारी आमची फर्म. भागीदार चार महिन्यांपूर्वी वेगळा झाला. जाताना हार्ड डिस्क, इन्स्टाग्रामचा पासवर्ड आणि गिऱ्हाइकांची यादी घेऊन गेला. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून 'खरा स्टुडिओ आता माझाच' असं सांगतो. फोटो त्यानं काढलेत, म्हणून ते त्याचे, असं त्याचं म्हणणं.

उत्तर: चार महिने थांबलात हे चुकलं. मनाई हुकूम मागायचा असेल तर उशीर तुमच्याविरुद्ध जातो.

बाहेर पडलेला भागीदार तोच धंदा स्वतः करू शकतो, त्याची जाहिरातही करू शकतो. पण वेगळा करार नसेल तर त्याला फर्मचं नाव वापरता येत नाही, फर्मचाच धंदा चालवतो असं भासवता येत नाही, आणि तो बाहेर पडण्याआधी फर्मशी व्यवहार करणाऱ्या गिऱ्हाइकांना ओढता येत नाही. ठरावीक मुदत आणि ठरावीक भागापुरता असा धंदा न करण्याचा करारही भागीदारांमध्ये करता येतो, बंधन वाजवी असेल तर. डिस्क फर्मच्या पैशानं घेतली असेल तर ती फर्मची मालमत्ता आहे.

फोटो कुणाचे, या प्रश्नाचं उत्तर तुम्हा दोघांनाही आवडणार नाही. कॉपीराइट कायदा १९५७ सांगतो की पैसे देऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो सांगणारा असतो. म्हणजे लग्नाच्या फोटोंवर नवरा-नवरीकडच्यांचा हक्क. तुमच्या पेजवर ते टाकायचे असतील तर ऑर्डरच्या कागदावर तशी परवानगी छापून त्यांची सही घ्यायला हवी. वेरूळचं लेणं किंवा पैठणची नाथषष्ठी तुमच्यापैकी कुणी स्वतःहून टिपली असेल, तर ते फोटो टिपणाऱ्याचे. नोकरानं नोकरीत केलेलं काम मालकाचं, हा नियम भागीदाराला लागू होत नाही, कारण भागीदार नोकर नसतो. ते फोटो फर्मचे व्हावेत असं वाटत असेल तर लेखी हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. कायमस्वरूपी हवं असेल तर तसं लिहावं लागतं. रोजंदारीवर बोलावलेल्या कॅमेरामनच्या बाबतीतही हे डोक्यात ठेवा, तो तुमच्या पगारावर नसतो.

इन्स्टाग्रामचं खातं कुणाच्या मोबाइलवर आणि ईमेलवर उघडलं, पैसे कुणी भरले, याचे पुरावे जमवा. फर्मचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं आहे का तेही बघा. निबंधकाकडे फर्म नोंदली म्हणजे ब्रँड सुरक्षित झाला, असं होत नाही. ट्रेडमार्कची नोंदणी वेगळी, दहा वर्षांची असते आणि पुढं वाढवता येते. कागद घेऊन उद्या वकिलाला भेटा. भागीदाराशी फोनवर भांडू नका.

प्रश्न (पैठण): सासरे आणि चुलत सासरे यांचा भागीदारीत पैठणीचा कारखाना आहे. अठरा वर्षांपासून पदराची, काठाची डिझाइनं मी काढते, कुठल्या मागावर काय लागणार ते मी ठरवते, गिऱ्हाईकही माझ्याशीच बोलतं. सासरे आता थकलेत. कागदाचं विचारलं तर म्हणतात, सगळं तूच तर सांभाळतेस, कागद कशाला?

उत्तर: ताई, तुम्ही सांभाळता हेच कागदावर यायला हवं. अठरा वर्षं काम केलं म्हणून कुणी आपोआप भागीदार होत नाही. नवीन भागीदार घ्यायला डीडमध्ये वेगळं काही नसेल तर आत्ताच्या सगळ्या भागीदारांची संमती लागते, म्हणजे चुलत सासऱ्यांचीही. उद्या सासरे गेले तर त्यांचा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जाईल. तुमचे यजमान असताना सून सासऱ्यांची वारस नसते. आणि ही दोघांचीच फर्म असेल तर परभणीला जे लिहिलं ते तुमच्या घरालाही लागू आहे.

सासऱ्यांकडे प्रेम नाही असं मी म्हणत नाही. पण मागावर बसणाऱ्या बाईचं आणि डिझाइन काढणाऱ्या सुनेचं नाव कागदावर नसण्याची आपल्याकडे इतकी सवय झाली आहे की ते राहून गेलंय हेही कुणाच्या लक्षात येत नाही. थेट सांगा: मला भागीदार करून घ्या, माझा हिस्सा ठरवा, आणि डिझाइनच्या निर्णयात शेवटचा शब्द माझा असं लिहा.

आसावली, बांगडी मोर, मुनिया हे परंपरेचे नमुने, त्यांवर कुणा एकाची मालकी सांगता येत नाही. तुम्ही रचलेलं खरोखर नवं डिझाइन असेल तर डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी होते. ती दहा वर्षं टिकते, पुढं पाच वर्षं वाढवता येते. अर्ज साडी बाजारात दाखवण्याआधी करायचा, नंतर तिचं नवेपण उरत नाही. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून कारखान्याची नोंद झाली आहे का, तेही विचारा. तुमचे जुने कागद, तारखा टाकलेले, जपून ठेवा. घरच्या वकिलाखेरीज स्वतःसाठी वेगळ्या वकिलाचा सल्ला घ्या.

प्रश्न (अंबाजोगाई): मुलगा सतरा वर्षांचा आहे. आत्ताच भागीदार करता येईल का?

उत्तर: पूर्ण भागीदार नाही. सगळ्यांच्या संमतीनं त्याला फक्त नफ्याच्या लाभात घेता येतं. अठरा पूर्ण झाल्यावर भागीदार व्हायचं की नाही, हे त्यानं सहा महिन्यांत जाहीर करायचं. गप्प राहिला तर भागीदार झाला असं धरतात, आणि मग देणीही त्याच्यावर येतात. वर्षभर थांबा आणि त्यालाच विचारा.

प्रश्न (बीड): तीन वर्षांपूर्वी मी छापखान्याच्या फर्ममधून बाहेर पडलो. आपसात कागद झाला, माझे पैसे मिळाले. आता फर्मच्या कॅश क्रेडिटच्या थकबाकीची बँकेची नोटीस मला आली. बँकेतल्या ओळखीच्या माणसानं सांगितलं, काही होत नाही, दुर्लक्ष करा.

उत्तर: दुर्लक्ष करू नका. तुम्ही बाहेर पडलात हे तुमच्यात आणि भागीदारांत ठरलं, बँकेशी ठरलं नाही. बाहेर पडण्याआधीच्या देण्यातून सुटका हवी असेल तर बँकेनं तुम्हाला मोकळं केल्याचा करार लागतो. बाहेर पडल्यानंतरच्या व्यवहारांतून सुटायला जाहीर नोटीस लागते: निबंधकाकडे सूचना, शासकीय राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात प्रसिद्धी. ती दिली होती का, ते शोधा. आणि कर्ज घेताना तुम्ही वैयक्तिक हमीपत्रावर सही केली असेल, तर तो आणखी वेगळा करार आहे. भागीदारी सोडल्यानं तो आपोआप सुटत नाही.

नोटीस सरफेसी कायद्याखालची (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) असेल तर तिच्या तारखेपासून ६० दिवस मोजले जातात. त्या काळात लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. नोटिशीचं पाकीट, त्यावरच्या टपालाच्या तारखा, बाहेर पडल्याचा कागद आणि हमीपत्राची प्रत घेऊन या दोन दिवसांत वकिलाकडे जा. हमीपत्राची प्रत तुमच्याकडे नसेल तर बँकेला ती लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या.